ऑक्तावियानो काय बोलणार

नाही नाही, मान अशीच ठेवा, हलू नका — आणि तो गॉगल काढलात तरी चालेल, दुकानात आपण दोघंच आहोत, आणि मी तुम्हाला दारातच ओळखलंय. तोंडावरून नाही. तोंड तुम्ही टोपीत आणि गॉगलमध्ये चांगलं लपवलं होतंत. मानेवरून ओळखलं. मालिकेत तुम्ही सारखे कुठल्या ना कुठल्या दारातून रागावून बाहेर पडत असता, कॅमेरा मागून येतो, आणि बाकीचा मेक्सिको डोळे पुसत असतो तेव्हा मी तुमच्या मानेवरचे केस बघत असतो. उजव्या कानामागे एक भोवरा आहे, तिथे तुमच्या स्टुडिओतली बाई दर वेळी कात्री चुकवते. दर वेळी. मी पप्पांना म्हणतोसुद्धा, बघा, आजही राहिला. पप्पा म्हणतात, तू केस बघतोस की गोष्ट बघतोस? दोन्ही बघतो. — नाही, मी कोणाला सांगणार नाही. मी बोलतच नाही फारसा. या पोर्तालेस वस्तीत कोणालाही विचारा, अन्सेल्मो न्हाव्याचा फेर्मिन कसा आहे, तर म्हणतील हात आहे, तोंड नाही. पण समोरच्याच्या तोंडाला फेस असला आणि माझ्या हातात वस्तरा असला की मला जरा धीर येतो. समोरच्याला मध्ये बोलता येत नाही ना.

तर झिरो मारायचा म्हणालात. सगळं काढायचं. बरं. काढू. आधी दाढी करू. — दाढी कुठे आहे म्हणता? आहे थोडी. पीचच्या सालीवर असते तेवढी आहे, पण तेवढीसुद्धा नीट काढायची तर वेळ लागतो. तुम्हाला घाई आहे का? नाही ना. मग झालं. पप्पा वर सूप करतायत, झाकणावर पळी वाजवली की मी वर जेवायला जायचं, अशी आमची घंटा आहे. अजून वाजलेली नाही. तेव्हा वेळच वेळ आहे.

एक विचारू? हे केस काढायला सांगितलं कोणी? स्टुडिओने? ... नाही. मग स्टुडिओला माहीत तरी आहे का? ... हं. म्हणजे तिथली बाई, तिचे आरसे, तिचे दिवे, ते सगळं सोडून तुम्ही टोपी घालून मेट्रोने इतक्या लांब एका साध्या सलूनमध्ये आलात, म्हणजे तिथे आधी कोणाला कळायला नको. चोरून टक्कल. आणि पुढचं शूटिंग कधी आहे? ... परवा. शनिवारी. कशाचं? ... ऑक्तावियानोबरोबरचं?

थांबा. वस्तरा बाजूला ठेवतो. — नाही, कापलं नाही, घाबरू नका, कापलं असतं तर तुमच्याआधी मी ओरडलो असतो. ऑक्तावियानो बोलणार? तुमच्याशी? तुम्ही भर जेवणात सांगितलंत, की पप्पा, इकेर माझा मित्र नाही, माझं त्याच्यावर प्रेम आहे — आणि तो म्हातारा हातातला रुमाल नीट घडी करून ताटाशेजारी ठेवतो, आणि उठून जातो, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत पोटच्या पोराशी एक शब्द नाही. जिन्यात समोर आलात तर भिंतीकडे बघतो. तो ऑक्तावियानो शनिवारी बोलणार, आणि तुम्ही आज गुरुवारी टक्कल करून घेणार? दामियान, तुला अक्कल — माफ करा. तुमचं नाव उलिसेस आहे, माहीत आहे मला. जीभ घसरली. तुम्हाला सगळेच दामियान म्हणत असतील. बाजारात, बसमध्ये. कंटाळा येत असेल. येतो ना? मान नका हलवू.

मला कळत नाही असं समजू नका. शाळा मी लवकर सोडली, मालिका सोडल्या नाहीत. चालू मालिकेत नटाने काही उलटसुलट केलं की काय होतं ते मला पाठ आहे. एकजण दिग्दर्शकाशी भांडला, तर त्याला वरच्या खोलीतून चष्मा आणायला पाठवलं, तो अजून खाली आलेला नाही. एका बाईला दिवस गेले, तर तिची मोटार दरीत घातली, आणि दवाखान्यात तोंडाच्या पट्ट्या सोडल्या तेव्हा आत दुसरीच बाई — आणि नवरा म्हणतो, तू किती छान दिसतेस. तेव्हा तुम्ही शनिवारी टक्कल करून गेलात तर तुमचं काय करतील? विग घालतील? विगमध्ये तुम्ही टोपी घातलेल्या बटाट्यासारखे दिसाल, माफ करा, पण तुमच्या डोक्याचा आकारच तसा आहे, केसांखाली आहे म्हणून कोणाला कळत नाही, मला बोटांना कळतोय. नाही, विग नाही घालणार. दामियानला कॅनडाला पाठवतील.

हसू नका, ओठ कापला जाईल. खरंच सांगतो. सगळ्यांना कॅनडालाच पाठवतात. लहानपणी मी बघायचो त्या मालिकेत एक पियानो वाजवणारा मुलगा होता, तो कॅनडाला. मग मोठ्या घरातला धाकटा भाऊ, जो सारखा खिडकीत उभा असायचा, तो कॅनडाला. मग तो गोरा, वर्गमित्राकडे फार वेळ बघायचा, त्याला शिष्यवृत्ती मिळाली, कुठली? कॅनडाची. जे कॅनडाला गेले नाहीत ते मेले. एकाला खोकला होता, एक पुलावर गेला. आहे काय एवढं त्या कॅनडात? मी एकदा दुकान झाडताना विचार केला, तिथे एक अख्खी वस्ती झाली असेल, मालिकांमधून पाठवलेल्यांची, बर्फात हातात बॅगा घेऊन सगळे उभे, एकमेकांना विचारतायत, तुला कितव्या भागात पाठवलं? आणि कोणाला परत बोलावत नाहीत. निदान त्यांना तिथे सोबत तरी असेल. आपली सगळी माणसं एका ठिकाणी — त्यांची. त्यांची माणसं म्हणायचं होतं मला. गाल फुगवा जरा. हां.

आणि हीच माणसं विनोदासाठी हवी असतील तर न्हावी. तुम्ही लहान होतात तेव्हा तुमच्याकडेही टीव्हीवर लागत असेल. बाईसाहेबांचे केस करणारा, गळ्यात रेशमी रुमाल, काखेत कुत्रं, आणि कोणी काही बोललं की किंचाळून कंगवा खाली टाकणार. दर मालिकेत तोच. पप्पा खूप हसायचे. स्वतः न्हावी असून हसायचे, म्हणायचे, मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, माझा एकदाही कंगवा पडला नाही. मीही हसायचो. पप्पांपेक्षा मोठ्याने हसायचो, म्हणजे कोणी माझ्याकडे बघू नये. आणि बघा गंमत, शेवटी मीही न्हावीच झालो. रुमाल नाही घातला पण. कुत्रं पाळायचं होतं, तेसुद्धा नाही पाळलं.

मग तुम्ही आलात. तुम्हाला वाटत असेल, दामियानमध्ये एवढं आहे काय. टायरच्या दुकानात काम करतो, गणितात नापास होतो, आईची बाजाराची पिशवी उचलतो, आणि इकेरवर प्रेम करतो. एवढंच. रुमाल नाही, पियानो नाही. मी पहिल्या आठवड्यापासून वाट बघत होतो की हा आता कधी मरतोय. तुम्हाला एकदा खोकला आला, बाजारातल्या प्रसंगात, मी उशी पोटाशी धरून बसलो. मिरचीचा ठसका होता नुसता. पप्पा म्हणाले, काय झालं तुला, पोटात दुखतंय का?

हो, पप्पासुद्धा बघतात. सांगतो ना. नेमकं तेच तर सांगायचंय. पप्पा आधी मालिका बघणारे नव्हते, ती आईची वेळ. पण वसंतात माझ्या बहिणीला तिहुआनात, पार उत्तरेच्या सीमेवर, जुळी झाली, आणि आई तिकडे गेली ती तिकडेच आहे. जुळी पोरं टीव्ही बघू देतात का? मग आईने पप्पांना हुकूम केला, तुम्ही माझी मालिका बघायची आणि रोज फोनवर मला काय झालं ते सांगायचं. पप्पांनी आयुष्यात कोणाला गोष्ट सांगितलेली नाही. आता रोज मालिका संपली की स्वयंपाकघरात उभे राहून, एका हाताने टेबल पुसत, आईला सगळा भाग सांगतात. मी जिन्यात बसून ऐकतो. मालिका बघून झालेली असते माझी, तरी ऐकतो. पप्पांच्या तोंडून ऐकायला मजा येते. एकदा तुम्ही आणि इकेर आता मुका घेणार, घेणार, आणि नेमका कॅमेरा फिरला आणि काचेच्या भांड्यातला मासा दाखवायला लागला — किती वेळ दाखवला तो मासा, त्यालासुद्धा अवघडल्यासारखं झालं असेल. त्या दिवशी पप्पा फोनवर म्हणाले, 'घेतला असावा. मी मासा बघितला.' मग आईने काहीतरी विचारलं, आणि पप्पा म्हणाले, 'मासा बरा होता. नारिंगी.'

पण मी शब्द ऐकत होतो. पहिल्या महिन्यात पप्पा म्हणायचे, तो पोरगा आणि त्याचा तो मित्र. मग म्हणायला लागले, तो आणि तो दुसरा. मग एके दिवशी इकेर म्हणाले. नावाने. मी जिन्यात होतो, मला वाटलं कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. मग, 'इकेर आज दिसला नाही, बरं नसेल त्याला.' आणि परवा आईला सांगताना म्हणाले, 'आपला दामियान.' आपला! आता तुम्ही मला सांगा, आपल्या दामियानला असं उकडलेल्या अंड्यासारखं करून मी पाठवू?

एकदा टीव्हीवर एक बाई आली होती, तुमच्या मालिकेवर बोलायला, चष्मा लावलेली. ती सारखी एक शब्द म्हणत होती, प्रतिनिधित्व. दामियानमुळे तरुणांना प्रतिनिधित्व मिळालं. पप्पांनी मला विचारलं, प्रतिनिधित्व म्हणजे? मला कुठे मोठे शब्द येतात, मी म्हटलं, असेल म्हणजे, आपल्याला जमत नाही म्हणून आपल्या वतीने दुसरा कोणी उभा राहतो, तसं. पप्पा म्हणाले, 'मग हा कोणाच्या वतीने उभा राहतो?' मी चमचा उचलला. पप्पांनीही. दोघांनी सूप संपवलं. फार गरम होतं त्या दिवशी सूप.

डावा कान जरा पुढे घ्या. — इथेच बसवतात ना ती बारीक वस्तू? चेलोबाई सांगत होती, समोरच फळं विकते ती, की तुमच्या कानात एक बारीक यंत्र असतं आणि आतून एक माणूस तुम्हाला संवाद सांगतो, आता हे बोला, आता रडा. खरं आहे का? ... खरं? प्रत्येक वाक्य? म्हणजे जेवणाच्या टेबलावर तुम्ही जे बोललात तेही कोणीतरी कानात सांगत होतं? मग सोपं आहे हो तुमचं. मलाही पाहिजे असा एक माणूस. रोज दुपारी टेबलावर बसतो, समोर पप्पा, मध्ये टोर्तियांची टोपली, कान अगदी मोकळा — कोणी काही सांगत नाही. मी म्हणतो, मीठ द्या. रोज मीठच. पप्पा म्हणत असतील, हा पोरगा किती मीठ खातो.

काय म्हणालात? ... नाही, मी कुठे काय म्हणालो. मी मिठाबद्दल बोलत होतो. टॉवेल गरम आहे, तोंडावर ठेवतो, डोळे मिटा. हां. आता बोलू नका.

तुम्ही ऑक्तावियानोचं ऐका. टॉवेलखालून ऐकू येतं ना? परवा पप्पा फोनवर आईला सांगत होते की ऑक्तावियानोने अजून तोंड उघडलेलं नाही. आई त्याला शिव्या देत असणार, कारण पप्पा त्याची बाजू घ्यायला लागले. म्हणाले, 'तो वाईट माणूस नाही गं. त्याला शब्द सापडत नाहीयेत. असल्या वेळी बापाने काय बोलायचं असतं ते कोणी शिकवलंय का आम्हाला? बघू तो काय बोलतो. तो एकदा बोलला म्हणजे —' आणि तेवढ्यात त्यांना जिन्यात मी दिसलो. लगेच राजम्याचा भाव सांगायला लागले. आईला, तिहुआनात, इथल्या राजम्याचा भाव! म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला? पप्पा वाट बघतायत. परीक्षेत उत्तर येत नसलं की पुढच्या बाकावरचा कधी लिहितो याची वाट बघतात, तसे. मीही तसाच शाळेत होतो, म्हणून ओळखू आलं. ऑक्तावियानो लिहील, मग पप्पा बघून लिहितील. आणि ऐन वेळी दामियानच कॅनडाला गेला तर? मग पप्पा म्हणतील, हं, असंच होतं यांचं शेवटी. मग मी मीठ मागत बसायचं जन्मभर.

झालं. सांगून टाकलं वाटतं मी. टॉवेल राहू द्या अजून थोडा वेळ. माझ्याकडे बघू नका एवढ्यात.

केस काय, वाढतात, असं तुम्ही म्हणाल. पण वेळ लागतो हो, शनिवारपर्यंत कसले वाढतायत. सगळ्यांचे काही गिल्दार्दोसारखे नसतात. गिल्दार्दो — कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात असतो. दर आठवड्याला येतो. खरं तर त्याचे वाढलेलेच नसतात, मी हवेत कात्री चालवतो, नुसता आवाज यावा म्हणून, आणि तो आरशात असा बघत बसतो की जसं काही डोक्यावरून किती ओझं उतरतंय. एकदा पप्पा बाजूच्या खुर्चीवर काम करत होते. तो गेल्यावर म्हणाले, 'या पोराचे केस भलतेच लवकर वाढतात.' मी म्हटलं, हो, काहींचे वाढतात. पप्पा म्हणाले, 'हं.' त्या 'हं'वर मी आठ दिवस झोपलो नाही.

काढतो टॉवेल. आता तुम्ही बोला. मी एवढं बोललो, आता तुम्ही सांगा, कशाला काढायचेत केस. नवीन काम मिळालंय? ... नाही. मग? लोक त्रास देतात? ... तेही नाही, लोक बरे आहेत. मग? ... बाबा? तुमचे खरे बाबा? कुठे असतात? ... तोर्रेओनला. ... बोलत नाहीत? कधीपासून? ... त्या माशाच्या भागापासून? फोनच नाही? अहो, पण त्या दिवशी तर कोणाला काही दिसलंच नाही, नुसता मासा दिसला. घेतला तरी होता का तुम्ही मुका? ... घेतला होता? माशाच्या मागे? कॅमेरा फिरल्यावरसुद्धा? मग तुम्ही फारच प्रामाणिक नट आहात बुवा.

नाही, हसत नाही मी. खरंच नाही. तर टक्कल करायचं, बस पकडायची, तोर्रेओनला दारात जाऊन उभं राहायचं, बाबा, बघा, मी तो नाही. केस गेले, दामियान गेला. असं आहे होय. ... आणि उलिसेस, ते दार उघडतील तेव्हा त्यांना काय दिसेल? टक्कल केलेले तुम्हीच दिसाल ना. मी एवढी डोकी बघितली, केस काढून आजवर कोणीही दुसरा माणूस निघालेला नाही. कान तेवढे मोठे दिसतात.

मी नाही म्हणत नाहीये. गिऱ्हाइकाचं डोकं गिऱ्हाइकाचं, न्हाव्याचं नाही, हे पप्पांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. तुम्ही म्हणाल तर काढतो. फक्त म्हणतो, शनिवारनंतर या. शनिवारी त्या म्हाताऱ्याला काय बोलायचंय ते बोलू द्या, त्याच्या कानात कोणी का सांगत असेना, त्याने बोलल्याशी कारण. मग सोमवारी या, भुवयासुद्धा काढतो म्हणालात तर. ... आजच? ... सोमवारी धीर राहणार नाही म्हणता. हं. ते मला कळतं. तेवढं मात्र मला कळतं.

बरं. मशीन घेतो. डोकं खाली. — आवाज मोठा आहे, जुनं मशीन आहे, घाबरू नका. मधून सुरू करतो, म्हणजे मग तुम्हालाही मागे फिरता येणार नाही आणि मलाही. ... मधून. ... एकदा लावलं की झालं. ... मशीन गरम होऊ देतो जरा. थंड मशीन केस ओढतं. — ओढतं, माहीत नाही तुम्हाला.

झाकण? नाही, मला नाही ऐकू आलं. मशीनच्या आवाजात — केव्हा वाजलं? ... आणि पावलं? जिन्यावर? अरे देवा. पप्पाच. ते कधी खाली येत नाहीत बोलवायला. तुम्ही गिऱ्हाईक, मी न्हावी, आपण हवेबद्दल बोलत होतो, कळलं ना?

येतोच, पप्पा. आलोच होतो. मशीनमुळे ऐकू आलं नाही. हे — एक गिऱ्हाईक आहे, उशिरा आलं. ... हो. तोच आहे. कशावरून ओळखलंत? ... हो पप्पा, भोवरा. उजव्या कानामागे. म्हटलं होतं ना मी. पळी बाजूला धरा, सूप गळतंय त्यांच्या खांद्यावर.

काय? काय विचारताय त्याला? ... बापाचा फोन आला का? कुठल्या बापाचा, पप्पा — ऑक्तावियानोचा? अहो पप्पा, तो नट आहे, ऑक्तावियानो त्याचा खरा बाप थोडाच — चेलोबाईने बाजारात खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला टोमॅटोच्या पिशवीने मारलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, बाई वेडी आहे, नट वेगळा, माणूस वेगळा —

... नाही आला म्हणतो.

नाही आला, पप्पा. खरंच नाही आला.

तुम्हाला ऐकू आलं का ते काय म्हणाले? नसेल आलं, मिशीतच बोलतात, सवय लागते. थांबा, मी सांगतो तुमच्या कानात. म्हणतात, जेवायला चल. ... म्हणतात, शेवयांचं सूप आहे, जरा लागलंय खाली, पण खाण्यासारखं आहे. ... म्हणतात, शब्द सापडेपर्यंत पोराला उपाशी ठेवायचं नसतं. आधी ताट वाढायचं. ऑक्तावियानो गाढव आहे, त्याला एवढं कळत नाही, म्हणतात. ... म्हणतात, आणि तो एकटाच गाढव नाही.

काय, पप्पा? फळी? टेबलाची जादा फळी ना, ती कपाटामागे आहे, आईने ठेवलीये. पण आज कशाला, आज तर तिघंच आहोत, मावतो की. ... रविवारी? रविवारी कोण येणार आहे?

... नाही, हे तुम्हाला नाही म्हणाले, उलिसेस. हे मला म्हणाले.

म्हणाले, त्या पोरालाही बोलाव. ज्याचे केस लवकर वाढतात.

... हो, पप्पा.

हो. गिल्दार्दो नाव आहे त्याचं. ... हो, सगळं खातो. ... सांगतो त्याला. मी सांगतो.

तुम्ही जा ना वर यांच्याबरोबर. जा. तो कपडा काढून खुर्चीवर टाका, मी घडी करतो. हात धुवायची मोरी जिन्याशेजारी आहे. मी आलोच, जरा झाडून घेतो. ... दिसतंय मला. एकही केस पडलेला नाही, दिसतंय. तरी झाडतो. जा तुम्ही, सूप गार होतंय.